गावातील दवंडी बंद करून व्हॉट्सॲप ग्रुपवरच सूचना देणे पुरेसे आहे का?

सातबारा (यवतमाळ जिल्हा) यांचा प्रश्न

सप्रेम नमस्कार.

आमच्या गावाची वस्ती दीड-दोन हजारांची आहे. काही वर्षांपूर्वीपर्यंत गावात कोणतीही सूचना द्यायची असली की कोतवाल डफडे घेऊन निघत असे आणि मारुतीचा पार, ग्रामपंचायतीसमोरची मोकळी जागा, विहार आणि शेवटी तांडा अशा चार ठिकाणी उभा राहून दवंडी देत असे. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आले, डेटा स्वस्त झाला आणि वर्ष-दोन वर्षांत घरोघरी मोठ्या पडद्याचा एक तरी फोन दिसू लागला. तेव्हा पोरांनी गावाच्या नावाने व्हॉट्सॲप ग्रुप काढला, पण तो थट्टामस्करीपुरता होता. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, कोतवालाने गल्लोगल्ली फिरणे शक्य राहिले नाही आणि ग्रामपंचायतीच्या सूचना त्याच ग्रुपवर येऊ लागल्या. टाळेबंदी उठली, दवंडी मात्र परत आली नाही. ती बंद करण्याचा ठराव कोणी मांडला नव्हता, त्यामुळे तिला विरोध करण्याची वेळही कोणावर आली नाही.

हे सगळे आता लिहिण्याचे कारण गेल्या पावसाळ्यात घडलेली एक गोष्ट आहे. गावातील एक वयोवृद्ध शेतकरी पहाटे वारले. सहाच्या सुमारास ग्रुपवर बातमी पडली, माती अकरा वाजता असल्याचेही त्यात लिहिले होते, आणि त्याखाली हात जोडल्याच्या चित्रांची रांग लागली. मीसुद्धा अंथरुणात पडल्या पडल्या ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ असे लिहिले आणि कूस बदलली. ज्यांनी या गृहस्थांच्या धुऱ्याला धुरा लावून चाळीस वर्षे शेती केली, ते त्यांचे सोबती त्या रात्री रानडुकरांच्या भीतीने शेतात जागलीला गेले होते. त्यांच्याजवळ बटणांचा साधा फोन आहे. सकाळी तिथेच थोडे काम आटोपून ते दुपारी बारा-साडेबाराला गावात आले, तेव्हा लोक नदीवरून आंघोळ करून परतत होते. ते पाराजवळ उभे राहून एवढेच म्हणाले, “मले कोनी सांगतलंच नाही नं बाप्पा.” त्यावर जमलेल्या प्रत्येकाने एकच उत्तर दिले, “ग्रुपवर टाकलं होतं नं.” कोणीही खोटे बोलत नव्हते. त्यांचे घर माझ्या घरापासून तिसरे आहे, आणि त्यांच्या घरी जाऊन निरोप द्यावा किंवा एखाद्या पोराला दुचाकीवर शेताकडे पिटाळावे असे मलाही सुचले नाही, कारण बातमी कळवण्याचे काम झालेले आहे अशी माझी खात्री होती.

ग्रामसभेचेही तसेच होते. गेल्या खेपेला घरकुलाच्या यादीची सूचना ‘शुभ सकाळ’चे एक फूल आणि कोणाच्या तरी विकाऊ ट्रॅक्टरची जाहिरात यांच्या मधोमध आली होती, आणि तांड्यावरची अर्धी घरे ग्रुपमध्येच नाहीत. मी दवंडी पुन्हा सुरू करावी असे सुचवले, तेव्हा काही सदस्य हसले आणि काळ पुढे जात असताना मी गावाला मागे ओढतो आहे असे म्हणाले. मला फोनचा राग नाही. हा प्रश्नही मी फोनवरच लिहितो आहे. आपापल्या गावांत सूचना देण्याची काय रीत आहे, आणि ग्रुपवर टाकले म्हणजे गावाला कळवले असे मानावे काय, एवढेच मला जाणकारांकडून समजून घ्यायचे आहे.

तिफण (वाशीम जिल्हा) यांचे उत्तर

सातबारा भाऊ, तुमच्या अडचणीचा निम्मा भाग ग्रुप नीट न चालवल्याचा आहे आणि तो एका दिवसात सुटेल. केवळ ॲडमिनलाच संदेश टाकता येईल अशी सोय व्हॉट्सॲपमध्ये २०१८ पासून आहे. ती लावून ग्रामपंचायतीचा एक ग्रुप वेगळा ठेवावा, आणि फुले, वाढदिवस, ट्रॅक्टर यांच्यासाठी दुसरा ग्रुप खुशाल मोकळा सोडावा. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी सूचना आवाजात बोलून टाकावी. आमच्याकडे आमचे कोतवालच ती बोलतात, आणि लोक म्हणतात की डफडे सोडले तर बाकी सगळे तेच आहे.

शेतीच्या बाबतीत मी या ग्रुपचा ऋणी आहे. काढणीला आलेले सोयाबीन पावसात सापडले, त्या वेळी पीक विम्यासाठी नुकसानीची पूर्वसूचना ७२ तासांच्या आत द्यावी लागत होती हे आम्हा बहुतेकांना ठाऊक नव्हते. गावातील एका पोराने ती कशी नोंदवायची हे पडद्याची चित्रे काढून पायरीपायरीने ग्रुपवर समजावले, आणि शेतातच उभे राहून अनेकांनी ती नोंदवली. दवंडी देऊन हे शिकवता आले नसते.

पण तोच फोन फवारणीचे व्हिडिओही दाखवतो. मावा, तुडतुडे, फुलकिडे आणि बोंडअळी या सगळ्यांवर एकच उपाय म्हणून तीन-चार औषधे एका पंपात मिसळायला सांगणारी माणसे त्यात असतात, आणि ती कोण आहेत, त्यांनी कपाशी कधी पेरली होती काय, हे कोणी विचारत नाही. २०१७ च्या हंगामात तुमच्याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसपेक्षा अधिक शेतकरी आणि शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात पडले. डोक्याच्या वर गेलेली कपाशी, तोंडावर साधा रुमालही नसणे आणि औषधांची वाटेल तशी मिसळ ही कारणे तेव्हा बोलली गेली. त्या वर्षाची आठवण असलेला माणूस असे व्हिडिओ पाहून घाबरतो, पण आज पंप पाठीवर घेणाऱ्या पोरांपैकी कित्येक जण तेव्हा शाळेत होते. अकोल्याचे कृषी विद्यापीठ आणि नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था यांचेही सल्ले फोनवर येतात; मात्र ते लांबलचक आणि रुक्ष असतात, त्यामुळे मिसळ शिकवणारा गडी बाजी मारतो.

दवंडीत एक गोष्ट होती जी आवाज टाकूनही परत येत नाही, आणि ती मला २०१८ मध्ये कळली. मुले पळवणारी टोळी फिरते आहे असा संदेश आमच्याकडे त्या जूनमध्ये आला, माझ्या धाकट्या भावाने तो चार ठिकाणी पाठवला, आणि दोन दिवसांनी एका नंदीबैलवाल्याच्या कुटुंबाला पोरांनी फाट्यावर अडवून धरले. पोलीस पाटील वेळेवर पोहोचले म्हणून निभावले. १ जुलैला धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे तसे कोणी वेळेवर पोहोचू शकले नाही, आणि भिक्षा मागत फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच माणसांना जमावाने ठार मारले. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवण्याची मर्यादा घातली. दवंडी देणाऱ्याला मात्र अशी मर्यादा घालावी लागत नव्हती. ‘टोळी आली’ अशी दवंडी द्यायला कोणी सांगितले असते, तर कोणाच्या हुकमाने, असे त्याने आधी विचारले असते, आणि खोटे निघाल्यावर गावाने त्यालाच धरले असते.

रानमोगरा (वर्धा जिल्हा) यांचे उत्तर

मी बचत गटांचे काम करते, त्यामुळे दोन-चार गावांतील घराघरांत माझे जाणे-येणे असते. सातबारा भाऊंनी सांगितलेली जागलीची हकीकत वाचून वाईट वाटले, परंतु दवंडी सर्वांपर्यंत पोहोचत होती हे मला मान्य करता येत नाही. पारापाशी दिलेली दवंडी पारावर बसलेल्यांनी ऐकली, आणि पारावर बाया कधी बसल्या? दवंडी निघायची संध्याकाळी, आम्ही त्या वेळी चुलीपाशी. ती घरातल्या पुरुषाने ऐकायची आणि त्याला वाटले तर जेवताना सांगायची. आमच्या बातम्या नळावर आणि कापूस वेचताना पातीला पात लागली की मिळायच्या, आणि त्या ग्रामसभेच्या नसायच्या. कोणाची लेक नांदायला गेली आणि कोणाची परत आली, याच्या असायच्या.

आता ग्रुपचे पाहा. गावाच्या ग्रुपमध्ये बाईच्या नावापुढे जो क्रमांक असतो तो बहुतेक वेळा तिच्या नवऱ्याचा किंवा मुलाचा असतो. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची असते. त्या सभेची सूचना आमच्या एका गावात ग्रुपवर पडली, ती नवऱ्यांनी पाहिली, त्यांनी अंगठ्याचे चित्र टाकले आणि सभेला ग्रामसेवक, मी आणि अंगणवाडी सेविका अशी तीनच माणसे हजर होती. दवंडीचे दार बंद होते, तसे हेही बंदच राहिले.

तरीसुद्धा फोनमुळे बायांच्या हाती काही आले नाही असे म्हटले तर ते खरे होणार नाही. आमच्या गटातील एक ताई यूट्यूबवर पाहून ब्लाउजवरचे आरीकाम शिकली, आणि लग्नसराईत तिला उसंत मिळत नाही. सुरतेला दिलेल्या लेकीचे तोंड तिची आई आता रोज पाहते. पूर्वी दिवाळी किंवा अक्षय तृतीयेची वाट पाहावी लागत असे. आम्ही सगळ्या गटांच्या मिळून फक्त बायांचा एक ग्रुप केला आहे, आणि ज्या घरात बाईजवळ फोन नाही त्या घराची जबाबदारी शेजारणीवर सोपवली आहे. शेजारण निरोप सांगून आली की ती ग्रुपवर ‘सांगितले’ असे बोलून टाकते. नियम लिहून ठेवलेला नाही, पण अजून कोणी मोडलेला नाही. एकदा मात्र एका शेजारणीचे भांडण झाले होते आणि तिने निरोप गिळला, हेही कबूल करायला हवे.

वेचणीच्या वेळचे बोलणे आता कमी झाले आहे. एकीच्या ओटीत फोन वाजत असतो, बाकीच्या ऐकत वेचतात, आणि पात पुढे सरकते. त्याचे मला वाईट वाटते, परंतु दुपारच्या उन्हात वाकून कापूस वेचणाऱ्या बाईला गाणे ऐकू नको असे सांगणारी मी कोण?

निळी पहाट (अमरावती जिल्हा) यांचे उत्तर

दवंडीबद्दल इतक्या जिव्हाळ्याने लिहिले गेले आहे, त्यात एक प्रश्न कोणीच विचारला नाही, तो मी विचारतो. ते डफडे कोणाच्या गळ्यात होते?

आमच्या गावात ते माझ्या आजोबांच्या गळ्यात होते, त्याआधी त्यांच्या वडिलांच्या. मेलेल्या माणसाची सांगी घेऊन उन्हातान्हात दुसऱ्या गावी जाणे हेही आमच्याच घराकडे होते, आणि ती सांगी अंगणाबाहेर उभे राहून द्यावी लागत असे. बदल्यात हंगामात खळ्यावर धान्य मागायचे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई प्रांताच्या कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले, ते याच प्रकारच्या बांधिलकीतून माणूस सोडवण्यासाठी. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी आजोबा नागपूरला दीक्षाभूमीवर होते. परतल्यावर त्यांनी डफडे आढ्याला टांगले आणि गावाने पुष्कळ दटावूनही ते पुन्हा उतरवले नाही. त्यामुळे दवंडी थांबली म्हणून माझ्या घरात कोणी हळहळले नाही. आज कोतवाल ही पगारी नेमणूक आहे आणि तिच्यासाठी रीतसर अर्ज करावा लागतो हे मला ठाऊक आहे, तरी दवंडी म्हटल्यावर आमच्या डोळ्यांसमोर जे उभे राहते ते तुमच्या डोळ्यांसमोर राहत नाही.

ग्रुपच्या यादीत माझा क्रमांक आणि माजी पाटलांच्या नातवाचा क्रमांक एकाखाली एक आहेत. आजोबांना हे पाहून गंमत वाटली असती. मात्र त्या यादीवर फार भाळण्यातही अर्थ नाही. १४ एप्रिलच्या मिरवणुकीचे निमंत्रण मी ग्रुपवर टाकले, तेव्हा दिवसभर एकही उत्तर आले नाही, आणि त्यानंतर तासाभराने कोणीतरी टाकलेल्या बैलजोडीच्या छायाचित्राखाली पन्नासेक माणसे बोलती झाली. पारावर असताना माणसाला निदान तोंड फिरवावे लागत होते आणि ते दिसत होते. ग्रुपवर माणूस गप्प राहिला तर त्याने वाचले नाही, की वाचूनही दुर्लक्ष केले, याचा थांग लागत नाही. निळ्या खुणा पाहायच्या म्हटले तर लोक त्याही बंद करून ठेवतात.

सातबारा भाऊ, तुम्ही दवंडीच्या चार जागा सांगितल्या आणि त्यांत विहार धरला आहे. तिथे दवंडी केव्हापासून होऊ लागली, हे एकदा गावातील म्हाताऱ्या माणसांना विचारून पाहावे, अशी माझी विनंती आहे. मी टोमणा मारत नाही. मला खरोखरच जाणून घ्यायचे आहे.

मोहफूल (गडचिरोली जिल्हा) यांचे उत्तर

रानमोगरा ताईंनी अंगठ्याच्या चित्राचा उल्लेख केला, त्यावरून थोडे लिहितो. आमच्या जिल्ह्यात धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) हे गाव आहे, ज्याला वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. तिथे निर्णय बहुमताने होत नाही, सर्वसहमतीने होतो. एकाचे जरी मन वळले नाही तरी विषय पुढच्या बैठकीला जातो. या रीतीला वेळ फार लागतो आणि तिच्यावर हसणारेही आहेत, पण ज्याला मान्य नाही तो माणूस समोर बसलेला असतो, त्यामुळे त्याला ओलांडून जाता येत नाही.

याच्या उलट माझ्या स्वतःच्या गावात तळ्यातील मासळीचा लिलाव कोणाला द्यायचा हे ग्रुपवर विचारले गेले, सतरा-अठरा अंगठे उमटले आणि ‘गावाची संमती आहे’ असे कागदावर आले. पूर्वी सावकाराच्या कागदावर अंगठा उमटवताना निदान शाई लागत होती आणि आपण कशावर तरी अंगठा दिला हे माणसाच्या लक्षात राहत होते. सूचना ग्रुपवर द्या, त्यास माझी हरकत नाही. संमती मात्र ग्रुपवर घेऊ नये. मोबाइलला रेंज मिळावी म्हणून आमच्याकडे अजूनही काही जणांना टेकडीवर चढावे लागते, हा मुद्दा मी तूर्त बाजूला ठेवतो.

घंटागाडी (बुलडाणा जिल्हा) यांचे उत्तर

आमच्या ग्रामपंचायतीच्या कचऱ्याच्या गाडीवर भोंगा आहे. सकाळी ती प्रत्येक गल्लीत जातेच, म्हणून आम्ही स्वच्छतेच्या गाण्यानंतर सूचना लावायला सुरुवात केली. आवाज मुद्रित असतो, त्यामुळे कोणाच्याही गळ्यात काही अडकवावे लागत नाही. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ पासून रोज संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजवून दीड तास टीव्ही आणि मोबाइल बंद ठेवण्याचा पायंडा पाडला, हे आपण वाचले असेल. त्याच वर्षी आपल्या यवतमाळ जिल्ह्यातील बान्सी या गावानेही १८ वर्षांखालील मुलांच्या मोबाइल वापरावर बंदीचा ठराव केला. यांतील भोंग्याची युक्ती मला अधिक पटते. भोंगा सर्वांना एकाच वेळी ऐकू येतो, आणि शेजाऱ्यानेही तो ऐकला आहे हे प्रत्येकाला ठाऊक असते. ग्रुपवर तसे होत नाही. आमची अडचण एवढीच आहे की गाडीचे डिझेल संपले की गावाची सूचनाही थांबते.

सातबारा (यवतमाळ जिल्हा)

आपण सर्वांनी इतके सविस्तर लिहिले याबद्दल आभारी आहे. निळी पहाट यांच्या विनंतीप्रमाणे मी काल संध्याकाळी त्या सोबती आजोबांकडे गेलो. पावसाळ्यानंतर त्यांच्या ओसरीवर बसण्याची माझी ही पहिलीच वेळ होती. विहारापाशी दवंडी केव्हा सुरू झाली असे विचारताच ते थोडे हसले आणि म्हणाले, “आधी तिथं कायले देतीन? दवंडी देनाराच तिथून निघे.” म्हणजे मी मोठ्या अभिमानाने मोजलेल्या चार जागांपैकी तिसरी जागा पुष्कळ नंतरची आहे. वेगळ्या घरातील माणूस कोतवाल म्हणून नेमला गेला, तेव्हा ती सुरू झाली असे त्यांना आठवते. माझ्या प्रश्नातील ते वाक्य मी तसे लिहायला नको होते.

पुढच्या मासिक सभेत मी तीन गोष्टी मांडणार आहे. सूचनेचा ग्रुप वेगळा आणि ॲडमिनपुरता असावा, घंटागाडीवर भोंगा बसवावा, आणि मयताची बातमी व ग्रामसभेची सूचना ग्रुपबाहेरच्या घरांना माणूस पाठवून द्यावी. संमतीचा मुद्दाही टिपून घेतला आहे, पण आमच्या सभेत तो एका बैठकीत पचेल असे मला वाटत नाही. शेजारणीवर जबाबदारी देण्याची रानमोगरा ताईंची रीत मला भोंग्यापेक्षाही बरी वाटते. भांडणाचा धोका तिच्यात आहे. पण निरोप कोणी गिळला हे निदान कळते तरी.

ग्रुपबाहेरची घरे कोणती याची यादी करायला म्हणून मी रात्री बसलो. तांड्यापासून सुरुवात करावी असे ठरवले होते. मग वाटले, आधी आपल्या गल्लीतून पेन फिरवावे, आणि पहिलेच नाव माझ्या आईचे निघाले. तिला त्या सकाळची बातमी कोणी सांगितली होती असे विचारले, तेव्हा ती म्हणाली की दूध घालायला आलेल्या पोराने सांगितली. मी पलीकडच्या खोलीतच होतो.